वहीतील दोन रकाने

बंगळूरच्या आग्नेयेस असलेल्या एचएसआर लेआउट या वसाहतीला स्वतःचे असे नाव नाही. होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांची आद्याक्षरे जोडून तिची ओळख तयार झाली. आगरा, परंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य ही जुनी गावे तिच्या सात सेक्टरांच्या आतबाहेर अजून नांदतात. पण वसाहतीत वाढणाऱ्या मुलांना ती गावे म्हणून नव्हे, बसथांबे म्हणूनच ठाऊक असतात. येथील शाळांच्या अभ्याससहलींचा मार्गही बहुधा ठरलेला: एक दिवस बन्नेरघट्ट्याच्या प्राण्यांचा, एक दिवस शहरातल्या बाजाराचा. निघण्यापूर्वी मुले वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे ‘प्राणी’, उजवीकडे ‘बाजार’. जग दोन रकान्यांत नीट मावते, असा त्या रेघेचा विश्वास असतो.

अशाच एका वर्गातली मराठी मुलगी. चौथीत शिकणारी; आईवडील नोकरीनिमित्त पुण्याहून आलेले, आजी वर्षातले काही महिने येऊन राहणारी. तिचा डावा रकाना पहिल्याच दिवशी भरला. बन्नेरघट्ट्याचे जंगल १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. दक्षिणेकडे ते कावेरीकाठच्या रानाला जाऊन मिळते आणि हत्तींचे कळप या वाटेने ये-जा करतात. परंतु सहलीला आलेल्या मुलांना दिसते ते जाळी लावलेल्या बसच्या खिडकीतून. सिंह, वाघ, अस्वल ही नावे तिने भराभर लिहिली. वाघ पाठ करून झोपला होता. त्याचे तोंड पाहण्यासाठी साऱ्या बसने आरडाओरडा केला; त्याने केवळ एक कान हलवला. तोच काय तो त्या दिवसाचा रानटीपणा.

उजवा रकाना मात्र लवकर भरेना. कृष्णराज वडियार चौथे यांच्या नावाने १९२८ मध्ये उभे राहिलेले कृष्णराजेंद्र मार्केट शहराच्या जुन्या पेठांना लागून आहे. पुण्याच्या कित्येक पेठांना वारांची नावे, तर इथल्या पेठांना मालाची आणि कारागिरांची: अक्कीपेठ तांदळाची, बळेपेठ बांगड्यांची, कुंभारपेठ कुंभारांची. ‘पेठ’ हा आपल्या घरातला शब्द इथल्या पाट्यांवर भेटताच त्या मुलीला परक्या गर्दीत ओळखीचे माणूस दिसल्यासारखे झाले. फुलांच्या बाजारात तर ती थबकलीच. तिथे गजरा विकतात तो ‘मोळ’ आणि ‘मारु’ यांनी मोजून. विक्रेतीने कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माळ ताणली आणि तोडून दिली. मुलीने आपल्या हाताशी ती लावून पाहिली. माळ चांगली वीतभर लांब भरली. घरी आल्यावर आजी म्हणाली, “अगं, मोळ म्हणजे आपला हात, आणि मारु म्हणजे वाव. दोन्ही हात पसरले की झाली वाव.” “पण आजी, कोणाचा हात धरायचा?” “विकणाऱ्याचा. म्हणून तर बाजारात माणूस पाहून माल घ्यावा.”

हा सारा मजकूर दोन रकान्यांत बसवता आला असता. अडचण केली ती आगऱ्याच्या तळ्याने. हे तळे सहलीच्या कार्यक्रमात नव्हते, कारण ते शाळेपासून फार जवळ होते. आगरा येथील नवव्या शतकातील कन्नड शिलालेखात तळे बांधल्याचा आणि तळ्यांना पाण्याची दारे बसवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे वसाहतीला नाव मिळण्याआधी हजार वर्षे इथे पाणी अडवणारी माणसे होती. रविवारी आजीबरोबर गेलेल्या मुलीला तिथे काळाभोर, शुभ्र कपाळाचा पक्षी पोहताना दिसला. मराठीत त्याला चांदवा म्हणतात, आणि वारकरीही. काठावर फिरणाऱ्या एका गृहस्थांनी कन्नड नाव सांगितले: नामद कोळी, कपाळावर नाम लावलेली कोंबडी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता त्या कपाळावर गंधच पाहिले होते. ज्या देवाला मराठी संतांनी कानडा म्हटले, त्याच्या वारकऱ्याने दोन्ही मुलखांत सारखेच दिसावे, यात आजीला काहीच नवल वाटले नाही. मुलीचा प्रश्न वेगळा होता. हा पक्षी पिंजऱ्यातला नाही, तिकीट काढून पाहिलेलाही नाही. मग त्याला सहलीच्या वहीत जागा आहे का?

त्या पक्ष्याच्या पायाखालचे पाणीच या प्रश्नाचे उत्तर आहे. आगऱ्याचे जादा पाणी बेळंदूरच्या तळ्याकडे, तिथून वर्तूरकडे आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. एकेकाळी या साखळीच्या ओलीताखाली भात आणि पालेभाज्या पिकत. शहर वाढले, सांडपाणी तळ्यांत उतरले. बेळंदूरच्या तळ्यावर फेस दाटला आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षांत पाण्यालाच आगी लागल्या. २०१८ पासून याच कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातले सांडपाणी शुद्ध करून कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तळ्यांत सोडले जाऊ लागले. ते मुरून विहिरींना पाणी वाढावे, हा हेतू. आणि कोलारचे टोमॅटो बंगळूरच्या बाजारात येतात. तळ्यातून निघालेले पाणी जमिनीखालून फिरून टोपलीत परत येते, ते वहीतल्या रेघेला न विचारता.

रानही ती रेघ पाळत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस एचएसआर लेआउटपासून जवळच, कूडलू गेटच्या परिसरात एक बिबट्या वस्तीत हिंडताना दिसला. १ नोव्हेंबरला त्याला पकडण्यात आले आणि त्याच दिवशी तो मेला. बसच्या जाळीतून ज्याला हात हलवून दाखवायचा, तोच प्राणी आपल्या गल्लीत आला की शहराजवळ त्याच्यासाठी जागा उरत नाही. मुलांनी रानाला सहलीचे ठिकाण मानायला शिकणे किती महाग पडते, हे तिथे दिसले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली; तिला कुरणशाळा म्हणत. तिथे निसर्ग पाहण्यासाठी वेगळा दिवस नेमावा लागत नसे, कारण गवत, गुरे आणि पोटाची भाकरी एकाच ठिकाणी होती. शहरातल्या शाळेला कुरण नाही हे खरे. पण चालत जाण्याइतके तळे आहे, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नसणे ही केवळ विसरभोळेपणाची गोष्ट नव्हे.

मुलीने अखेर चांदव्याचे नाव डावीकडेही लिहिले नाही, उजवीकडेही नाही. मधल्या रेघेवरच लिहिले, तीन नावांनी: चांदवा, वारकरी, नामद कोळी. अक्षरे दोन्ही बाजूंना सांडली. शिक्षिकेने त्यावर लाल खूण केली नाही. पुढच्या सत्रातील सहलींच्या यादीत तेवढे आगऱ्याचे तळे लिहिले.