करवंदाचा जॅम: भाचीला पत्र

चि. सोनू,

लेकराच्या डब्यासाठी जॅम घरीच करायचा म्हणतेस आणि पेक्टिनची पुडी कुठली आणू म्हणून विचारतेस. पुडी पुण्यात कुठेही मिळेल. पण जिचं आजोळ करवंदांच्या डिंभ्याचं, तिने पेक्टिन विकत आणावं हे मला काही पटत नाही. तुझ्यासारखं विचारणाऱ्या आणखीही असतील, म्हणून उत्तर सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते.

जॅम बसतो तो पेक्टिन, आंबटपणा आणि साखर या तिघांच्या जमण्यामुळे. पेक्टिन हा फळातलाच डिंक. 1825 साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो वेगळा ओळखला. बाजारातली पुडी बहुतेक लिंबा-संत्र्याच्या सालींतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून काढलेली असते. फळ जसं पिकत जातं तसा त्याच्यातला पेक्टिनचा जोर कमी होतो. पिकून पिवळ्या झालेल्या रायवळ आंब्याचा जॅम ओघळतो आणि कैरीचा साखरांबा छान धरतो, त्याचं कारण हेच. करवंदात मात्र डिंकही भरपूर आणि आंबटपणाही. त्याला वरून फक्त साखर लागते.

डिंभ्याला घोड नदीवर धरण झालं, बाबू गेनू सागरात खालच्या जमिनी गेल्या, पण करवंदीच्या जाळ्या वरच्या उतारांवर आहेत. बोरघर, फुलवडे, आहुपे, त्या अंगाच्या बाया एप्रिल-मे महिन्यात काट्यांतून हात घालून पाट्या भरतात. खरेदी मेमध्येच कर. एकदा वळीव चांगला झाला की फळ पाणचट होतं, आत अळी सापडते. पाटीतली सगळी काळीभोर निवडू नकोस. किलोमागे दोन मुठी लालसर, अर्धकच्ची मुद्दाम घे. जॅम धरायचं काम तीच करतात. काळी चवीला आणि रंगाला.

देठ काढताना चीक लागतो, तो बोटांना नुसता चिकटतो. आधी तेलाचा हात लाव. दोन-तीन पाण्यांतून धुऊन, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात फळं बुडतील न बुडतील इतक्या पाण्यात शिजव. अॅल्युमिनियम नको, कल्हई उडालेलं पितळ तर मुळीच नको, फळ फार आंबट आहे. मऊ झाली की पळीने चेच आणि पुरणयंत्राची बारीक जाळी लावून गर काढ. बिया वर राहतात. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला पर्याय नाही. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की जॅम तुरट होतो. हे वाचूनही मिक्सर लावशील, म्हणून दोनदा सांगते: लावू नकोस.

आता गर तोल. एक किलो गराला पाऊण किलो साखर. मोठ्या आचेवर, एका वेळी एवढंच. दुप्पट केलंस तर आटायला वेळ लागतो, आणि फार वेळ उकळलं की डिंक मोडतो, रंगही काळवंडतो. जॅम झाल्याची खूण म्हणून पुस्तकांत 105 अंश लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठच्या उंचीचं. पाणी तुझ्या घरी ज्या अंशाला उकळतं त्याच्यावर साडेचार-पाच अंश धर. थर्मामीटर नसेल तर वजन बघ: गर आणि साखर मिळून पावणेदोन किलो असतात, ते आटून 1300 ग्रॅमच्या आसपास आले की झालं. तेही नको असेल तर बशी फ्रीजमध्ये ठेव, तिच्यावर थेंब टाकून बोटाने ढकल. वर सुरकुती पडली की गॅस बंद. वरचा फेस काढ, पोरं तो चाटून खातात.

बाटल्या उकळून, पूर्ण कोरड्या करून, जॅम गरम असतानाच भर. साखर कमी करायचा मोह होईल. कर, पण मग फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपव. बाजारातल्या जॅममध्ये विरघळलेला घन भाग निदान 65 टक्के असावा असा नियम आहे, आणि तो फक्त गोडीसाठी नाही. साखर पाणी धरून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात साखर कमी असलेल्या बाटलीत बुरशी आलीच म्हणून समज. त्याच नियमात फळ निदान 45 टक्के म्हटलंय. तुझ्या बाटलीत 100 ग्रॅम जॅमला 75 ग्रॅमच्या आसपास गर लागलेला असेल, म्हणून तो जास्त आंबट लागेल. लेकराने दुकानातल्या चवीशी ताडून नाक मुरडलं तर वेलदोडा घालून समजूत काढू नकोस. चार दिवस पोळीला लावून दे, सवय होते.

जूनमध्ये जांभळं आली की त्यांच्या गरात निम्मा करवंदाचा गर घालून बघ. त्यासाठी मेमध्येच थोडा गर गोठवून ठेव. माझ्या मते जांभूळ-करवंद हा या सगळ्यात सरस जॅम. आंब्याच्या नादी मात्र लागू नकोस. आंब्याला साखरांबा, गुळांबा आहेत, ते जॅमपेक्षा चांगले.

एकच मागणं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलातल्या लोकांचा हक्क मानला, पण हक्काने फळ टिकत नाही. हिरडा वाळवून ठेवता येतो, व्यापारी येईपर्यंत थांबता येतं. करवंद दोन दिवसांत मऊ पडतं, म्हणून संध्याकाळची गाडी यायच्या आत करवंदं विकणारी बाई मिळेल त्या भावाला पाटी रिकामी करते. भीमाशंकरच्या रस्त्यावर गाड्या थांबवून दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारे मी पाहिलेत. तू मेमध्ये येशील तेव्हा सकाळी सकाळी ये, अख्खी पाटी घे आणि ती सांगेल तो भाव दे.

तुझी,
मावशी