मास्तर, मिस्त्री आणि पाच दिवसांची वाट

मिरजेहून विजापूर, गुलबर्गा करीत बीदरला जायचे आणि नळदुर्ग, सोलापूरमार्गे परत यायचे. साधारण आठशे किलोमीटरची वाट, पाच दिवस, शंभर सीसीची बारा वर्षे जुनी एक मोटारसायकल आणि तिच्यावर आम्ही दोघे. आमच्यातला एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, दुसऱ्याचे गॅरेज आहे. त्यामुळे मोहल्ल्यात एकाला मास्तर म्हणतात, दुसऱ्याला मिस्त्री. हा लेख मास्तरने लिहिला, मिस्त्रीने वाचला आणि दोन ठिकाणी खोडला. म्हणून तो दोघांचा आहे.

प्रवासाआधी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. सहा वर्षांपूर्वी मिस्त्रीने गॅरेजसाठी पतपेढीचे कर्ज काढले तेव्हा मास्तर जामीन राहिला. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. गॅरेजचे शटर खाली, हप्ते थकले, आणि अकरा महिने मास्तरच्या पगारातून दरमहा 4,200 रुपये कापले गेले. मिस्त्रीने पुढे ते सगळे परत केले; पण पैशाचे पाकीट घेऊन तो स्वतः कधी आला नाही, त्याचा मुलगा यायचा. मास्तरही 'अब्बांना चहाला पाठव' असे त्या पोराला कधी म्हणाला नाही. पैसे फिटले, बोलणे मात्र बंदच राहिले. ईदच्या नमाजनंतर गळाभेट व्हायची, तीही एकमेकांच्या खांद्यावरून दुसरीकडे बघत.

वाट काढली ती मिस्त्रीच्या अम्मींनी. दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी त्यांनी मास्तरला फोन केला. "पोरगा एकटाच गाडीवर बीदरला निघालाय. दहावीत दोघांनी मिळून ठरवलं होतं ना हे? मग त्याला एकटा कसा सोडतोस?" अम्मींना नाही म्हणणे आम्हा दोघांनाही आजवर जमलेले नाही.

फजरनंतर निघालो. अम्मींनी कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मग हिरव्या कापडात गुंडाळलेली दोन नाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दंड पुढे करा, जामीन बांधते." आमच्याकडच्या जुन्या घरांत प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर असे नाणे बांधतात, त्याला इमाम जामीन म्हणतात. तो शब्द ऐकताच आम्ही दोघेही खाली बघू लागलो. अम्मींनी दोन्ही गाठी पक्क्या मारल्या आणि काही कळलेच नाही असे दाखवून आत गेल्या.

ऑक्टोबरचे दिवस. पहाटे अंगात जाकीट लागते आणि दहाला तेच नकोसे होते. कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षबागांची छाटणी सुरू होती. जतच्या पुढे उघडी माळराने लागली. हेल्मेट घालून मागेपुढे बसले की बोलता येत नाही, ही मोटारसायकलची मोठी सोय आहे. विजापूरपर्यंतच्या दीडशे किलोमीटरांत आम्ही एकमेकांशी जेमतेम पाच वाक्ये बोललो असू. त्यातली तीन चहाविषयी होती.

गोलघुमट आम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिला होता. 1656 साली वारलेल्या मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. घुमटाचा आतला व्यास जवळजवळ 38 मीटर, आणि तो पेलायला मधे एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातल्या अरुंद पायऱ्या चढून वरच्या सज्जात गेलो. तिथे एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलले तर समोरच्या टोकाला ऐकू येते. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मिस्त्री भिंतीला तोंड लावून काहीतरी म्हणाला. नेमकी तेव्हाच सहलीची शंभर-दीडशे पोरे आत शिरली आणि प्रत्येकाने आपले नाव ओरडून पाहिले. घुमटाने प्रत्येक नाव अनेकदा परत केले. मिस्त्रीचे बोलणे त्यात बुडाले. खाली उतरल्यावर मास्तरने "काय म्हणालास?" असे विचारले नाही. त्याला विचारायची सवय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याला निघालो. सिंदगीच्या पुढे काळी रानं, वेचणीला आलेला कापूस आणि पिवळ्या फुलांवर आलेली तूर. जेवरगीच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. सावलीला एक बाभूळ होती. मिस्त्रीने डिकीतून पाने, लिव्हर, पॅच आणि पंप काढून रस्त्यावर मांडला. "सतराचा पाना दे," तो म्हणाला. मास्तरने चौदाचा दिला. "मुलांना गणित शिकवतोस ना तू?" मिस्त्री म्हणाला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे एकाच गोष्टीवर हसलो. ट्यूबमध्ये बाभळीचाच काटा निघाला. पंप मारायचे काम मास्तरकडे आले. जोहरची वेळ झाली होती. बाटलीतल्या पाण्याने वजू करून आम्ही तिथेच, मुसाफिराला सवलत आहे म्हणून, दोन रकात नमाज पढलो. पुढे भीमेच्या पुलावर थांबून दोन्ही तीरांना लागून वाहणारे पाणी पाहिले.

गुलबर्गा ही 1347 साली सुरू झालेल्या बहामनी राज्याची पहिली राजधानी. किल्ल्यातली जामा मशीद 1367 ची. तिला उघडे अंगण नाही. सगळी मशीद छोट्यामोठ्या घुमटांखाली आहे. आत कमानींच्या रांगा एकीमागे एक अशा लागतात की भर दुपारीही सावलीत उभे असल्यासारखे वाटते. संध्याकाळी ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्यात गेलो. 1422 मध्ये त्यांचे निधन झाले, आणि आजही तिथे सगळ्या धर्मांची माणसे येतात. मगरिबनंतर आम्ही शेजारी शेजारी बसलो. कोण काय मागत होता ते एकमेकांना माहीत नव्हते. आता माहीत आहे. मागणे एकच होते.

तिसऱ्या दिवशी हुमनाबादवरून बीदरला पोहोचलो. दुपारी महमूद गावानच्या मदरशात गेलो. महमूद गावान इराणातल्या गीलानचा. व्यापारी म्हणून दख्खनेत आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने हा तीन मजली मदरसा बांधला. पुढे 1696 मध्ये दारूच्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. दोनपैकी एक मीनार उरला आहे. त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे उन्हात अजून चमकतात.

ओट्यावर बसून मास्तरने वर्गात सांगावी तशी गोष्ट सांगितली. गावानचा दरारा दरबारातल्या काहींना सहन होईना. त्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवले, कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण लिहिले. ते पत्र सुलतान मुहम्मदशाहापुढे गेले. गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही. 1481 मध्ये सुलतानाने त्याला ठार करवले. त्याचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. खरे काय ते पुढे कळले, पण वर्षभरात सुलतानही वारला. त्यानंतर राज्य सावरलेच नाही. त्याचे पाच तुकडे झाले, आणि त्यातलाच एक विजापूर, जिथून आम्ही आलो होतो.

मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सुलतानाने निदान पत्र दाखवून विचारलं तरी. तू तेवढंही विचारलं नाहीस."

मास्तरला कळले. मिस्त्रीच्या मुलीच्या निकाहला तो गेला नव्हता. हप्ते त्याच्या पगारातून कापले जात असतानाच कोणीतरी त्याला सांगितले होते की, लग्नात मिस्त्रीच्या बायकोच्या अंगावर पाच तोळे नवे सोने होते.

"ते सोनं माझ्या मेहुणीचं होतं," मिस्त्री म्हणाला. "चार लोकांत हात मोकळे दिसू नयेत म्हणून तिने घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दिलं. आमचं होतं ते टाळेबंदीत गहाण पडलं, गॅरेजमधल्या दोन पोरांचा पगार द्यायला."

मास्तरकडे उत्तर नव्हते. बातमी आली तर आधी खातरजमा करावी, ही शिकवण आमच्या घरांत लहानपणापासून मिळते. मास्तर ती वर्गात पोरांनाही सांगतो.

"आता माझं ऐकलेलं," मिस्त्री म्हणाला. "तू शाळेत सगळ्यांपुढे मला फसव्या म्हणालास, असं मला सांगितलं. तेही खोटंच असेल ना?"

इथे 'हो, खोटंच' म्हणून सुटता आले असते. मास्तर म्हणाला, "नाही. ते खरं आहे. म्हणालो होतो."

त्यानंतर जे झाले ते सिनेमातल्यासारखे नव्हते. कोणी रडले नाही, कोणी गळ्यात पडले नाही. मिस्त्रीने बाटलीतले पाणी पिऊन ती पुढे केली, एवढेच. मास्तरने माफी मागितली. मिस्त्री म्हणाला, "मीही पाकीट घेऊन यायला हवं होतं. दारापर्यंत दोनदा आलो होतो, शरमेने वर हात जाईना." मग मास्तरने दोन दिवसांपूर्वीच विचारायला हवे होते ते विचारले: "गोलघुमटात काय म्हणालास?"

"म्हटलं, एकदा विचार ना रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिदरी काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. आता बोलण्याला बंध राहिला नव्हता. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात ते घातले की धातू काळा पडतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. मिस्त्रीने मूस, भट्टी, कानस सगळे हातात घेऊन पाहिले. कारागिराने त्याला आपल्यातलाच ओळखला आणि चहा मागवला. अम्मींसाठी एक छोटी डबी घेतली.

परतताना नळदुर्गला थांबलो. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलेला आहे आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातले हे काम. यंदा पाऊस चांगला झाला होता. 'नर' आणि 'मादी' म्हणतात ते दोन्ही धबधबे वाहत होते, आणि पाण्यामागे महालाच्या खिडकीशी कोरडे उभे राहता येत होते. त्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. तरी आम्ही तिथे अर्धा तास ओरडून ओरडून बोललो. चार वर्षांचे साठलेले होते: कोणाचा मुलगा काय शिकतो, कोणाला साखर निघाली, कोणाचे छप्पर गळते. मुक्काम सोलापुरात केला. पाचव्या दिवशी मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत ज्वारीचे कोंब पाहत, सांगोल्यावरून असरच्या सुमारास मिरजेला पोहोचलो.

अम्मी दारातच होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिले आणि काही विचारले नाही. दंडावरच्या गाठी सोडल्या. सुखरूप पोहोचल्यावर ती नाणी गरजूला द्यायची असतात. त्यांत आमची थोडी भर घालून ती आम्ही दोघांनी एकत्र जाऊन दिली.

मिस्त्रीने या लेखात कुठे खोडले तेही सांगतो. एक जागा मायलेजची. मास्तरने लिटरला सत्तर लिहिले होते. "ओझं घेऊन साठच्या वर गेली नाही, वाचणारे हसतील," असे म्हणून त्याने ते वाक्यच काढले. दुसरी जागा सोन्याची बातमी आणणाऱ्याच्या नावाची. मास्तरने ते नाव लिहिले होते. मिस्त्रीने त्यावर तीनदा रेघ ओढली आणि म्हणाला, "हे मासिक त्याच्याही घरी येतं. त्यालाही मुलंबाळं आहेत. त्याला काही विचारायचं असेल तर आपण दोघं जाऊन विचारू."