खुंटीचे माप

तंबोरा सुरात लागला म्हणजे ऐकणाऱ्याचे चित्त जवारीच्या गुंजनाकडे जाते, भोपळ्याच्या डौलाकडे जाते, क्वचित मिरजेच्या कारागिरांच्या पिढीजात लौकिकाकडेही जाते. परंतु ज्या बोटभर खुंटीच्या पकडीवर तो सारा स्वरमेळ उभा असतो, तिचे स्मरण ती सैल झाल्याखेरीज कोणास होत नाही. आमच्या घरच्या तंबोऱ्याची पंचमाची खुंटी एका पावसाळ्यात चिरली, आणि तिच्या जागी मी शिसवीची नवी खुंटी लेथवर कातली. दिसावयास ती निर्दोष होती. पण तिचा उतार भोकाच्या उताराशी जुळत नसल्यामुळे ती जाड अंगाशीच तेवढी टेकत असे, आणि खडू लावूनही पंचम घटकाभरात उतरत असे.

कॅलिपर एका जागेचा व्यास सांगतो. उतार हा मात्र सर्व व्यासांचा परस्परसंबंध, आणि त्याची शहानिशा सबंध लांबीवरच व्हावयास हवी. म्हणून सागवानाच्या दोन पट्ट्या मी रंध्याने सरळ केल्या, नेकीने बसणारी एक जुनी खुंटी त्यांच्यामध्ये धरली, दोन्ही बाजूंनी त्या तिला पुरत्या भिडल्यावर खालून आडव्या चिपा ठोकून त्यांना जखडले, आणि खुंटी जेथे अडली तेथे एक रेघ ओढली.

नवी खुंटी या फटीत सरकवून खिडकीसमोर धरली, की उजेडच निवाडा देतो. बारीक टोकाशी प्रकाशाची रेषा दिसली, तर जाड अंगाचे लाकूड काढावयाचे. रेषा कोठेच दिसली नाही, तर उतार बरोबर. व्हायोलिनच्या खुंटीप्रमाणे उतार १:३० असेल, तर व्यासातील ०.१ मिलिमीटरचा फरक रेघेपाशी ३ मिलिमीटर होऊन दिसतो. डोळ्यास न जाणवणारी चूक हे लाकडी माप तीसपट मोठी करून पुढे ठेवते. शिवाय लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही, गोल खुंटी किंचित अंडाकृती होते. यास्तव ती पाव फेरा वळवून पुन्हा तपासावी.

लेथपाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक होतकरूस माझी विनंती आहे, की पहिली खुंटी कातण्यापूर्वी त्याने असे एक माप करून भिंतीस टांगावे. त्याला दोन पट्ट्या आणि अर्धा तास एवढेच लागते. माझ्या मापातून उतरलेली खुंटी आज तंबोऱ्यात आहे, आणि पंचम जागचा हलत नाही.