बंदुकीची नळी, स्टीलचा पेला आणि काच

डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. तेथील एका शेतकऱ्याच्या घरी शोकेसमध्ये काचेचे सहा पेले तीस वर्षांपासून उभे आहेत. लग्नाच्या आहेरात आलेले, कडेला सोनेरी रेघ, पोटावर कोरलेली फुले. पाहुणे आले की त्यांतून सरबत दिले जाते. याच घरात दारूही प्यायली जाते. पण ती मागच्या खोलीत, स्टीलच्या पेल्यातून.

मागच्या दिवाळीत नाशिकला नोकरी करणारा मुलगा तांबड्या वाइनची बाटली घेऊन आला आणि घरात प्रथमच एक प्रश्न उघडपणे विचारला गेला. ही ओतायची कशात? वरवर पाहता प्रश्न हौसेचा आहे. परंतु वऱ्हाडाच्या सीमेपलीकडे दारूचे पात्र चुकल्यामुळे एका शहजाद्याचा जीव गेला, आणि वऱ्हाडाच्या याच मुलखात काच घडविण्याचा कच्चा माल जमिनीतून वर येत होता. त्या दोन्ही गोष्टींचा हा धागा. थोडा लांबेल.

१६०१ साली असीरगड पडल्यावर अकबराने खानदेश, वऱ्हाड आणि अहमदनगरकडचा जिंकलेला मुलूख आपला धाकटा मुलगा दानियाल याच्या हाती दिला. खानदेशाचे नावही त्याच्यावरून ‘दानदेश’ असे ठेवण्यात आले. मेहकर तेव्हा वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. म्हणजे आजच्या डोणगावची जमीनही या शहजाद्याच्याच अमलाखाली. दानियालचा मुक्काम बऱ्हाणपुरात, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे.

दानियालला दारूचे व्यसन होते. अकबराने ती बंद करण्याचा हुकूम दिला आणि शहजाद्याचा सासरा, खानखानान अब्दुर्रहीम, याने पहारे बसविले. सुरई आत जाईना, प्याला आत जाईना. तेव्हा दानियालने आपल्या बंदूकवाल्याला गळ घातली. शहजाद्याची एक आवडती बंदूक होती. तिच्यावर त्याने स्वतः एक शेर रचून कोरविला होता आणि तिचे नाव ठेवले होते ‘यक्का-ओ-जनाजा’. जिची गोळी लागली त्याची थेट तिरडीच, असा त्याचा आशय. त्याच बंदुकीच्या नळीत दुबार गाळलेली कडक दारू भरून आत नेण्यात आली. नळीच्या आतील गंज आणि बंदुकीच्या दारूची काजळी त्या पेयात उतरली. ते प्याल्यावर शहजादा जो अंथरुणाला खिळला, तो उठला नाही. १६०५ साली बऱ्हाणपुरात त्याचा मृत्यू झाला. वय जेमतेम बत्तीस. ही हकीकत त्याच्या सावत्र भावानेच, जहांगीराने, आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. जहांगीर स्वतःही मोठा पिणारा होता, हे येथे सांगितले पाहिजे.

गंजाने मेला की आधीच पोखरलेल्या शरीराने साथ सोडली, यावर वैद्यांनी खुशाल वाद घालावा. पात्र का बदलले गेले, हे मात्र स्वच्छ आहे. आतील वस्तू दिसू नये म्हणून.

आता काचेकडे. डोणगावच्या शेजारच्याच तालुक्यात लोणार आहे. अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्याच्या तळाशी खारे सरोवर. त्या आघाताच्या उष्णतेने दगड वितळून काचेचे कण तयार झाले. ते आजही विवराच्या परिसरात सापडतात. म्हणजे या मुलखातील पहिली काच माणसाने घडविलेलीच नाही.

दुसरी माणसाने घडविली. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने ‘ऐन-इ-अकबरी’त मेहकर सरकारचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे आणि काच व साबण करण्यास लागणारे सगळे जिन्नस तेथे मिळतात, त्यांतून सरकारला चांगला महसूल येतो, असे नोंदविले आहे. कारण साधे आहे. नुसती वाळू वितळविण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. लाकडाच्या भट्टीला ती साधत नाही. वाळूत सोडा मिसळला की ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. लोणारच्या पाण्यात तोच सोडा आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की त्याचे थर काठावर जमत, आणि दला, खुप्पल, पापडी अशा नावांनी त्यांची प्रतवारी होत असे.

मग त्या काचेचे प्याले का झाले नाहीत? देशी भट्टीतील काच रंगीत, बुडबुड्यांची, अर्धपारदर्शक असे. तिची बांगडी उत्तम होई, मणी उत्तम होत. पातळ, नितळ पेला फुंकायचा तर अधिक शुद्ध काच हवी, आणि फुंकल्यावर तो हळूहळू थंड करण्याची वेगळी सोयही हवी. शिवाय घराला तिची गरजही वाटली नाही. मातीचे भांडे वापरून टाकून द्यावे, धातूचे राखेने घासून पुन्हा घ्यावे, हा स्वयंपाकघराचा नियम. रानातल्या वस्तीत मोहाची दारू पानाच्या द्रोणातून प्यायली गेली, आणि ते पात्र कोणत्याही धातूपेक्षा त्या पेयाला अधिक मानवणारे होते.

नितळ काच मराठी माणसाने पुढे स्वतः करून पाहिली. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागून उभा केलेला पैसा फंड, टिळकांचा पाठिंबा, आणि जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय. यांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना सुरू झाला. १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयाने कराडजवळ ओगलेवाडी उभी राहिली आणि तिचे ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी गेले. स्वदेशी काचेने मराठी घरात उजेड आणला. पेल्याचा मान तिला मिळाला नाही. योगायोग असा की नेमक्या त्याच काळात, १९१९ साली, गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि ‘प्याला’ हा शब्दच घराघरांत अपशकुनी ठरला. गडकरी त्याच वर्षी सावनेरला, विदर्भातच वारले.

नंतर आला कायदा. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला आणि त्यापाठोपाठ हा कायदा येथेही लागू झाला. पुढे बंदी सैल झाली, तरी तोच कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. बंदीच्या वर्षांत हातभट्टीची दारू सायकलच्या रबरी ट्यूबमधून हिंडली. पुन्हा बंदुकीचीच नळी, फक्त रबराची! आणि घरात स्टीलचा पेला आला. तो फुटत नाही, डागत नाही; आत पाणी आहे की आणखी काही, हे समोरच्याला कळू देत नाही.

डोणगावच्या त्या घरात मुलाने आधी शोकेसमधले पेले काढले. ते वाइनला चालत नाहीत, आणि का चालत नाहीत यातच या विषयाचे निम्मे शास्त्र आहे. त्यांचे तोंड पोटापेक्षा रुंद आहे. सुगंध वर येतो आणि उडून जातो. वाइनचा पेला पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता असावा. तो तिसरा हिस्साच भरावा, म्हणजे उरलेल्या पोकळीत वास साठतो. दांडी असावी, म्हणजे तळहाताची ऊब पेयाला लागत नाही. रंग दिसावा म्हणून काच साधी असावी, कोरीव नव्हे. २०१५ साली टोकियोतील संशोधकांनी पेल्यावरील मद्यार्काच्या वाफेची छायाचित्रे घेतली. वाइनच्या पेल्यात ती वाफ काठालगत कड्यासारखी फिरते आणि मध्यभागी विरळ राहते. सरळसोट पेल्यात तसे कडे बनले नाही. म्हणजे नाक मध्यभागी धरले की मद्यार्क झोंबण्याआधी फळांचा वास कळतो.

प्रत्येक द्राक्षाला वेगळा पेला, ही कल्पना मात्र अलीकडची. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी १९५८ पासून ती रुजविली. पेय जिभेच्या नेमक्या भागावर पडते म्हणून चव बदलते, असा प्रचार तिच्याबरोबर झाला. पण गोड टोकाला आणि कडू मागे, असा जिभेचा नकाशा विज्ञानाने केव्हाच मोडीत काढला आहे. आकार महत्त्वाचा आहे तो नाकासाठी. म्हणून घरी बारा प्रकार मांडण्याचे काहीच कारण नाही. वाइन चाखण्यासाठी १९७७ साली ठरलेला आंतरराष्ट्रीय प्रमाण पेला जेमतेम २१५ मिलिलिटरचा आहे आणि त्यात ५० मिलिलिटरच ओततात. त्या घाटाचे चार पेले तांबडी, पांढरी, फेणी, सगळ्यांना पुरतात.

व्हिस्की-रमचे थोडे निराळे. आपल्याकडे त्यांत मद्यार्क ४२.८ टक्के. नुसती घ्यायची तर लहान, ट्यूलिपच्या फुलासारखा पेला. ब्रँडीचा मोठा फुगीर पेला तळहाताने तापतो आणि वासाऐवजी झोंबणेच वर येते. पाणी, बर्फ घालून प्यायची तर जाड बुडाचा सरळ, रुंद पेला पुरे. तेथे सुगंधाचे फाजील कौतुक नको. शिसेयुक्त क्रिस्टलच्या सुरईत दारू साठवून ठेवू नये, शिसे पाझरते. आणि आजीच्या पितळी पेल्याचा मोह कोणाला झालाच, तर ताक पितळेत कळकते हे आठवावे. वाइन तशीच आंबट असते. कल्हई नसेल तर तीही कळकेल. दानियालच्या नळीत जे घडले ते याच जातीचे.

मुलाने मेहकरहून साध्या काचेचे, दांडीचे चार पेले आणले. बापाने एक हातात घेतला, उजेडात धरला आणि परत ठेवला. “माहा पेला बरा हाये,” एवढेच तो म्हणाला.

माय तेव्हा दारात उभी होती. महाराष्ट्रात गावातील दारू दुकान बंद करायचे तर किमान २५ टक्के महिला मतदारांची मागणी लागते. मग गुप्त मतदान होते आणि मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडवीकडे गेल्या, तर दुकान बंद. घराच्या आत असे मतदान नसते. तीस वर्षे तिने स्टीलच्या पेल्यात किती आहे, हे केवळ आवाजावरून ओळखले होते. ओतण्याचा आवाज, मग पाण्याचा, मग पेला ठेवल्याचा.

“काचीतच घ्या आता,” ती म्हणाली. “मले दिसू तं द्या किती हाये.”

तिने नवीन पेला धुतला, पालथा न घालता सुलटा ठेवून वाळविला, आणि दुधाच्या पिशवीला लावलेले रबर काढून पेल्याच्या पोटावर, खालून तिसऱ्या हिश्श्यावर चढविले. बापाने रबराकडे पाहिले. मग तिच्याकडे. बाटली मुलाच्या हातात होती. त्याने रबरापर्यंत ओतली आणि थांबला.