सूनबाई, ही तर वखार!

सासूबाई गेल्या आणि अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही साताऱ्याहून अड्यारला घेऊन आलो. आमचं बिऱ्हाड चेन्नईत येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी भाजीवाल्याशी तमिळमध्ये हुज्जत घालू शकत होते आणि लेक तर स्वप्नंसुद्धा तमिळमध्येच पाहत असावी. अप्पांचं मात्र बस्तान काही बसेना. छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. साताऱ्यात घराबाहेर पडले की दहा जण ‘गुरुजी’ म्हणून हाक मारायचे. इथे दुकानावरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

चार महिन्यांतच त्यांनी ‘मला परत पाठवा’ म्हणून धोशा लावला. एकदा मी वैतागून बोलून गेले, ‘‘अप्पा, इथे तुमचं काही अडतं का?’’

‘‘अडत नाही ना, तेच तर,’’ ते म्हणाले. ‘‘आणि माझ्यावाचूनही इथे कुणाचं काही अडत नाही.’’

यावर काय बोलणार? मी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी २२ जानेवारीचं पुण्यापर्यंतचं तिकीट काढलं. जायच्या आधी पोंगलच्या सुट्टीत अप्पांना कुठेतरी फिरवून आणावं, असं ठरलं. कुठे, ते मात्र लेकीने सुचवलं.

अप्पा रोज संध्याकाळी तिच्याबरोबर एलियट्स बीचवर जायचे. तिथे वाळूत एक पांढरं, कमानीचं स्मारक आहे. १९३० साली बुडणाऱ्यांना वाचवताना स्वतःच बुडालेल्या श्मिट नावाच्या डेनिश माणसाचं. डेन्मार्कचा माणूस इथे कसा, असं अप्पांनी विचारलं, तेव्हा लेक म्हणाली, ‘‘आजोबा, डेनिश लोकांचा अख्खा किल्ला आहे की आपल्याकडे! तरंगंबाडीला.’’

किल्ला म्हटल्यावर अप्पांचे डोळे चमकले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्म गेलेला माणूस तो!

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तिरुवान्मियूर ओलांडलं की समुद्राच्या कडेने जाणारा ईस्ट कोस्ट रोड सुरू होतो. महाबलीपुरम मागे टाकून पहिला मुक्काम केला तो सद्रासला, कल्पाक्कमजवळ. इथे डच लोकांचा किल्ला आहे. विटांच्या भिंती, धान्याची कोठारं आणि आत डचांची कोरीव दगडांची थडगी. अप्पांनी एक फेरी मारली, काठी टेकली आणि म्हणाले, ‘‘ना डोंगर, ना बुरुज धड. सूनबाई, हा कसला किल्ला? ही तर वखार!’’

लेक हिरमुसली, पण अप्पांचं म्हणणं खरंच होतं. या किनाऱ्यावर युरोपातून आलेल्या सगळ्यांना हवं होतं ते कापड. ते साठवायला वखार आणि वखारीला तट. खुद्द चेन्नईचा सेंट जॉर्ज किल्ला, ज्यात आज विधानसभा भरते, तोही १६४० साली असाच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीपोटी उभा राहिला. आपल्याकडे आधी गड आणि मग त्याच्या आसऱ्याने बाजार. इथे आधी बाजार.

पुढे आलमपराईचा पडका किल्ला लागतो. तिथे अप्पांनी गाडीतून उतरायलाच नकार दिला. ‘‘आणखी एक वखार!’’ म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. मला असा राग आला की सांगता सोय नाही. ह्यांनी आरशातून मला गप्प राहण्याची खूण केली.

तरंगंबाडीला पोहोचायला दुपार झाली. गावाच्या वेशीतून आत शिरलं की सरळ रस्ता समुद्राकडे जातो आणि टोकाला डान्सबोर्गचा किल्ला. फिकट रंगाचा, बुटका, खाली कमानींची तळघरं आणि समोर नुसतं निळं पाणी. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाशी तह करून ही जागा दिली. राजा ख्रिश्चन चौथा. डेन्मार्कमध्ये स्वीडनच्या किनाऱ्यासमोर क्रोनबोर्गचा प्रसिद्ध किल्ला आहे. शेक्सपियरच्या हॅम्लेटची गोष्ट घडते, तो. १६२९ च्या आगीत तो जळाल्यावर याच राजाने पुन्हा उभारला. त्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचा राजा जकात घ्यायचा. इथे मात्र त्याच राजाच्या माणसांना तंजावरच्या दरबाराला दर वर्षी पैसे भरावे लागत.

‘‘थांब,’’ अप्पा म्हणाले. ‘‘नायकांनंतर तंजावर कुणाकडे आलं?’’

‘‘व्यंकोजीराजांकडे,’’ हे म्हणाले. ‘‘१६७५-७६ च्या सुमारास.’’

‘‘शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ! म्हणजे हे डेनिश लोक आपले भाडेकरू!’’ अप्पा दिवसभरात पहिल्यांदा हसले. साताऱ्याच्या घरातला खालचा भाडेकरू दोन वर्षं भाडं देत नव्हता, ते दुःख बहुधा क्षणभर हलकं झालं असावं.

हे भाडेकरू १८४५ पर्यंत राहिले. मग साडेबारा लाख रुपयांत तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर इंग्रजांना विकून निघून गेले. किल्ल्याजवळच मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, १३०६ सालचं. त्याचा पुढचा भाग समुद्राने कधीच गिळला. २००४ च्या त्सुनामीत या गावाने किती माणसं गमावली, हे तिथल्या चहावाल्याने सांगितलं, तेव्हा समोरच्या निळ्या पाण्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे मनोऱ्याला गेलो. पट्टुकोट्टैपासून समुद्राकडे साधारण वीस किलोमीटर. वाचकांपैकी फार थोड्यांनी याचं नाव ऐकलं असेल. भोवती खंदक, तट आणि मधोमध आठ मजल्यांचा, वर निमुळता होत गेलेला मनोरा. बांधणारा मराठा राजा, तंजावरचे दुसरे सरफोजी. अप्पा पायऱ्या जवळजवळ धावतच चढले. मग ह्यांनी सांगितलं, की हा मनोरा १८१४-१५ मध्ये बांधला गेला, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून.

अप्पा मटकन खाली बसले. ‘‘भोसल्यांच्या गादीवरचा राजा, आणि इंग्रज जिंकले म्हणून मनोरा बांधतो?’’

‘‘अप्पा, १७९९ मध्येच सगळा कारभार कंपनीने घेतला होता. राजांच्या हाती उरला फक्त तंजावरचा किल्ला. बाकी तनखा.’’

बराच वेळ ते समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘राज्य नाही, फौज नाही. मग हा माणूस दिवसभर करायचा तरी काय?’’

हा प्रश्न सरफोजींविषयीच होता असं मला वाटलं नाही. अड्यारच्या आमच्या गॅलरीत दिवसभर खुर्ची टाकून बसलेले अप्पा माझ्या डोळ्यांसमोर आले आणि माझं मलाच ते ‘काही अडतं का’ आठवून अवघडल्यासारखं झालं.

संध्याकाळी तंजावर गाठलं. सकाळी सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात अप्पांना कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. सरफोजींना लहानपणी शिकवलं ते श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. तेही हिंदुस्थानात प्रथम आले ते तरंगंबाडीलाच, १७५० साली. शिष्याने पुढे देशोदेशीचे ग्रंथ जमवले, डोळ्यांचे रोगी तपासवून त्यांची टिपणं ठेवली, छापखाना काढला. १८०६ मध्ये तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक देवनागरी टाइपात छापलं, ‘बालबोध मुक्तावली’. ‘‘आणि मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, मला हे ठाऊक नाही!’’ अप्पा पुटपुटले.

बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर कोरलेला आहे, १८०३ साली, मराठीत. ओळीच्या ओळी. लोक त्यावरून नुसती नजर फिरवून पुढे जात होते. अप्पांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुठल्याशा खेड्यातून आलेली शाळेची मुलं थबकली. त्यांच्या बाईंनी मला तमिळमध्ये विचारलं, ‘‘आजोबांना हे वाचता येतं?’’

मग काय! अप्पा मराठीत सांगताहेत, मी तमिळमध्ये उलथा करतेय आणि मी चुकले की लेक मला दुरुस्त करतेय. वीस मिनिटं तास चालला. एका मुलाने जांभई दिली, तर अप्पांनी त्याला साताऱ्याच्या खास आवाजात उभं केलं. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो ताठ उभा राहिला.

तुम्ही जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. किल्ल्यांत सावली कमी, टोपी आणि पाणी विसरू नका. पोंगलच्या दिवसांत तंजावरला खोली आधी ठरवलेली बरी. आम्हाला तीन ठिकाणी नकार ऐकावा लागला.

अप्पा २२ तारखेला ठरल्याप्रमाणे गेलेच. स्टेशनवर त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागायचं मी ठरवलं होतं. पण गाडी सुटताना तेच खिडकीतून म्हणाले, ‘‘सूनबाई, ते आलमपराई राहिलं. माझ्याच हट्टामुळे राहिलं.’’

परवा त्यांचा फोन आला. दसऱ्याला येऊ का, विचारत होते. मी सांगितलं, ऑक्टोबर ते डिसेंबर इथे पाऊस असतो, किल्ले बघायचे तर जानेवारीतच या. बरं म्हणाले. आणि हो, भाडेकरूने अजूनही भाडं दिलेलं नाही.