पिशवीतली वेल

द्राक्षाची वेल आमच्या खाडीकाठी कुणी लावत नाही. आगरदांडा-मुरूडच्या पट्ट्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर नुसतं मळभ आलं तरी केवडा रोगाच्या भीतीने रात्र जागून काढतात. इथे तो केवडा चार महिने मुक्कामच ठोकेल. आमची वेल मिऱ्याची. पोफळीच्या, माडाच्या अंगावर चढणारी, सावलीत सुखाने वाढणारी. पण रोपवाटिकेत तिची जी दुखणी मी वर्षानुवर्षं बघत आले, त्यांची सख्खी भावंडं द्राक्षाच्या मळ्यात आहेत. म्हणून मिऱ्याबद्दल लिहिताना द्राक्षाचं नाव येणारच.

मिऱ्याची रोपं बियांपासून कुणी करत नाही, फाट्यांपासून करतात. जातिवंत वेलीच्या बुंध्यातून जमिनीवर धावणारे फुटवे निघतात. ते मातीला टेकू द्यायचे नाहीत, बुंध्याजवळ खुंटी रोवून तिच्यावर गुंडाळून ठेवायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कापून दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करायचे आणि पिशवीत लावायचे. फुटवा मातीला लागला की पेऱ्यातून मुळं धरतो, हे खुंटीचं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मर रोगाची बुरशी मातीत असते आणि वेलीचा जो भाग मातीच्या सगळ्यांत जवळ, तो तिच्या तावडीत आधी सापडतो. फुटवा जमिनीवर लोळला तर रोग फाट्यातूनच पिशवीत शिरतो. पुढे त्या पिशवीला कितीही जपा.

एप्रिल-मेमध्ये शेडनेटखाली उकाडा आणि दमटपणा एकत्र आला की पहिली तक्रार पानांवर दिसते. पानावर करडा, भिजल्यासारखा डाग पडतो आणि शेजारची दोन पानं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंनी एकमेकांना चिकटतात. ही रायझोक्टोनिया नावाची बुरशी. मग पाऊस लागतो आणि बुंध्याशी दुसरीच मंडळी येतात. रोप अचानक मान टाकतं. वाकून पाहिलं तर मातीलगतच्या खोडावर पांढरी, पंख्यासारखी पसरलेली बुरशी असते आणि तिच्यात मोहरीएवढे दाणे, आधी पांढरे, मग पिकून तपकिरी होणारे. हे दाणे मी नव्या पोरींना मुद्दाम हातावर घेऊन दाखवते. मेलेलं रोप बांधाला फेकून दिलं तरी दाणा मरत नाही, मातीत कैक महिने तग धरून बसतो. म्हणून असं रोप पिशवीसकट, मातीसकट उचलायचं आणि जाळायचं. खताच्या खड्ड्यात तर चुकूनही टाकायचं नाही.

पण खरी धास्ती फायटोफ्थोराची, म्हणजे त्या मर रोगाच्या बुरशीची. कोवळ्या पानावर काळा ठिपका उठतो, त्याची कड झालरीसारखी विसविशीत असते आणि तो एका रात्रीत पानभर पसरतो. देठ काळा पडतो, पान गळतं, मग खोड काळं पडून पेऱ्यापेऱ्यातून सुटतं. या नावाचा अर्थच झाडांचा नाश करणारी. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी 1876 मध्ये ते दिलं. आपण तिला बुरशी म्हणत असलो तरी शास्त्राच्या हिशेबाने ती बुरशी नव्हे, पाण्यातल्या शेवाळांच्या गोतातली आहे. द्राक्षाचा केवडाही त्याच गोतातला. या दोघांच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते पाण्यात अक्षरशः पोहतात. पानावर साचलेला पाण्याचा पातळ थर त्यांना पुरतो. हे एकदा समजलं की रोपवाटिकेतली अर्धी कामं आपोआप कळतात. पिशव्या मातीवर ठेवायच्या नाहीत, खडी पसरून तिच्यावर ठेवायच्या, म्हणजे थेंब उडाला तरी चिखल पानावर येत नाही. प्रत्येक पिशवीला तळाशी भोकं हवीतच, आणि ती बुजली तर नाहीत ना हे पावसाळ्यात पुन्हा पाहायचं. पागोळ्यांचं पाणी ओळींवर पडता कामा नये. संध्याकाळी पाणी घालायचं नाही, रात्रभर पान ओलं राहतं. दाटीवाटीने मांडलेल्या पिशव्या बघायला छान दिसतात, पण वारा खेळला नाही की एका पानाचा रोग सगळ्या ओळीचा होतो.

मातीची तयारी त्याच्याही आधीची. उन्हाळ्याच्या भर उन्हात माती भिजवून तिचा वीतभर उंचीचा ढीग पसरायचा, वर पारदर्शक पॉलिथिन घालून कडा मातीत गाडायच्या आणि महिना-दीड महिना ते उघडायचं नाही. उन्हाने माती आतून भाजून निघते. मग वाळू, शेणखत आणि ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या बुरशीला खाणारी बुरशी. किलोभर मातीला ग्रॅमभर पुरते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच हवं.

औषधांत माझा सगळ्यांत जास्त विश्वास अजूनही बोर्डो मिश्रणावर आहे, आणि ते द्राक्षाने जगाला दिलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या किडीने फ्रान्समधले मळे संपवत आणले. त्यावर उपाय म्हणून त्या किडीला दाद न देणारे अमेरिकन खुंट आणले गेले. केवडाही अमेरिकेचाच, आणि या रोपांच्या देवघेवीतूनच तो समुद्र ओलांडून आला. 1878 मध्ये तो फ्रान्समध्ये नोंदला गेला. बाग वाचवायला आणलेल्या रोपांच्या वाटेनेच बागेचा पुढचा शत्रू आला. पुढे 1882 मध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात पिएर मिलार्दे यांनी पाहिलं, की रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवी आहेत आणि आतल्या वेलींची गळून गेली आहेत. वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. 1885 मध्ये मिलार्दे यांनी ते मिश्रण औषध म्हणून जाहीर केलं. 1910 च्या सुमारास लेस्ली कोलमन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने म्हैसूर संस्थानात पोफळीच्या कोळेरोगावर ते वापरून दाखवलं. आज श्रीवर्धनपासून मुरूडपर्यंतच्या वाड्यांत पावसाच्या तोंडावर पोफळींवर निळी फवारणी होते तिचं मूळ हे.

मिश्रण करणं मात्र घाईचं काम नव्हे. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची, लोखंडाचं एकही नको. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत काठीने ढवळत राहायचं. रंग आकाशी निळा यायला हवा. मग स्वच्छ घासलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालंय, चुन्याची निवळी अजून घालायची, नाहीतर कोवळी पानं करपतात. पातं चकचकीत राहिलं की फवारा, आणि त्याच दिवशी संपवा. उद्याला ठेवलेलं बोर्डो टाकून द्यावं.

एवढं सगळं करूनही काही पिशव्यांना रोग लागतोच, आणि खरा प्रश्न त्यांचा असतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने चढलं आणि पिढ्यांनी जपलेल्या वाड्या दुपारभरात आडव्या झाल्या. त्यानंतर पोफळ, माड, मिरी, जायफळ, ज्याची त्याची मागणी झाली. लोकांचं दुःख खरं होतं, घाईही समजण्यासारखी होती. पण अशा वेळी रोपवाटिकेच्या कोपऱ्यात ठेवलेली पिवळी, संशयित रोपंही माणसं मागतात. दिघीहून फेरीबोटीने आलेले एक गृहस्थ अशा ओळीसमोर उभे राहिले.

"ताई, ही बाजूची निम्म्या भावात द्या. लावून बघतो, जगली तर जगली."

"काका, ती विकायची नाहीत. ती मरतील त्याचं काही नाही, पण तुमच्या वाडीची माती नासवून मरतील."

"अहो, वाडीत आता राहिलंय काय?"

"माती राहिलीय ना," मी म्हटलं.

ते रागावले, पण चांगली तेवढीच घेऊन गेले. मी आजही तेच उत्तर देईन. पोफळीला रोग झाला तर एक हंगाम जातो. मर रोगाची माती वाडीत शिरली तर त्या आळ्यात पुन्हा मिरी लावताना वर्षानुवर्षं हात कचरतो. द्राक्षातही हेच आहे. युरोप, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियातल्या रोपवाटिकांना खोडाच्या आतल्या बुरशीने हैराण केलंय. कलम बाहेरून टवटवीत असतं, लाकूड आडवं कापलं की आत काळे ठिपके दिसतात. म्हणून तिकडे काड्या पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मगच लावतात. रोपवाटिका चालवणाऱ्याची लायकी तो किती रोपं विकतो यावर मी ठरवत नाही, किती जाळतो यावर ठरवते.

रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची लाखी बाग, म्हणजे माडांमधली मसाला पिकांची लागवड, बघून आता पुष्कळ तरुण माडाच्या वाडीत मिरी लावायला निघालेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पन्नियूर-1 भरघोस येते, पण मर रोगापुढे ती नाजूक आहे. पाणी साचणारी जागा असेल तर कोळिकोडच्या मसाला संशोधन संस्थेच्या शक्ती किंवा तेवम या तग धरणाऱ्या जातींची चौकशी करा. आणि रोपं घ्यायला जाल तेव्हा पानांच्या हिरवेपणावर जाऊ नका. एक पिशवी फाडून मूळ दाखवायला सांगा. मूळ पांढरं, टणक असेल तर घ्या. ते काळपट असेल, चिमटीत साल सुटून येत असेल, किंवा विकणारा पिशवी फाडायलाच तयार नसेल, तर रिकाम्या हाताने परत या.