गुळाचा रंग

३ ऑगस्ट २०२५, रविवार. शिरूर

आमच्या पॉलिमर क्लेच्या गटाची आजची बैठक आमच्या घरी. दौंडची मंडळी चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने आली आणि न्हावऱ्यात चहाला थांबली, म्हणजे उशीर ठरलेलाच. रेल्वेतून निवृत्त झालेले काका पिशवीतून थर्मामीटर काढतच आत शिरले. ओव्हनचा थर्मामीटर, तापाचा नव्हे. माझा ओटीजी त्यांनी आधी रिकामाच तापवला. बटण १३० वर आणि आत १५५! "वहिनी, तुमची पिवळी फुलं बदामी का होतात ते कळलं का आता?" कळलं.

नव्या आलेल्या एका मुलीने आठवडाभरापूर्वी कानातले केले आणि दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवले. तरी मऊच. तिची समजूत होती, माती आहे म्हणजे वाळेल. पॉलिमर क्लेमध्ये माती नसतेच. पीव्हीसीची पूड, तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, थोडी भरणी आणि रंग, बास. पाणी लागत नाही, त्यामुळे वाळण्याचा प्रश्न येत नाही. कंपनीनुसार ११० ते १३० अंशांना अर्धा तास भाजली की पीव्हीसीचे कण एकमेकांत मिसळतात आणि वस्तू पक्की होते. फार तापली तर आधी करपते, मग हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर सोडते. म्हणून काकांचा नियम असा की ओव्हन चालू असताना खिडकी उघडी आणि ओट्यावरून कुणी हलायचं नाही.

हे सगळं व्हिडिओत असतं. पण भाजणी चालू असताना मधेच लाइट गेली तर काय करायचं हे त्या व्हिडिओवाल्या बाईंना ठाऊक नसतं, कारण त्यांची लाइट जात नाही. आम्हाला ठाऊक आहे. दार उघडायचं नाही, गार होऊ द्यायचं, आणि लाइट आली की पहिल्यापासून पूर्ण वेळ पुन्हा भाजायचं. दोनदा भाजल्याने बिघडत नाही. कच्चं राहिलं तर मात्र महिन्याभरात तडकतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पुण्याहून मागवलेल्या वड्या आल्या. फिमोची एक वडी ५७ ग्रॅमची, आणि तिच्या पैशांत किलोभर शेंगदाणे येऊन वर सुटे उरतात. ह्यांनी हिशोब विचारला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

वडी हातात घेतली की मला त्या जर्मन बाई आठवतात. बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझ यांची मुलगी फिफी रेबिंडर. तिने या पदार्थावर खटपट केली आणि तो स्वतःच्याच नावाने विकला. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने तो घेतला आणि त्याचं फिमो झालं. म्हणजे याची वाट बाहुल्यांच्या घरातून गेली. मला हे फार आवडतं.

वड्या कुठे ठेवायच्या, यावर गटात चार मतं. पत्र्याच्या घरात मे महिन्यात क्ले इतकी मऊ पडते की बोटाचा ठसा निघत नाही. दौंडच्या ताई डबा माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवतात. कॉलेजची पोरगी सरळ फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी. दोन्ही चालतं. कडक, पारदर्शक, स्वस्तातल्या डब्यात मात्र कच्ची क्ले ठेवू नये. तिच्यातलं तेलकट द्रव्य तसलं प्लास्टिक खातं आणि डबा नि क्ले दोन्ही फुकट जातात. फारच मऊ झाली तर दोन कोऱ्या कागदांत रात्रभर दाबून ठेवायची. जादा तेल कागद ओढतो.

२४ ऑगस्ट, रविवार. दौंड

बुधवारी गणपती. नव्या मुलीने विचारलं, पॉलिमर क्लेचा गणपती करू का? रंगवायला नको, तडा नाही, हवा तेवढा बारकावा. वाद झालाच नाही, याचं मला नवल वाटलं. जी वस्तू विरघळायची आहे ती पीव्हीसीची करायची नाही, इतकं सगळ्यांना आपोआप पटलेलं होतं. शाडू काढला. मग तासभर सगळेच अडखळले, कारण शाडूला पाणी लागतं, तो हाताला चिकटतो आणि वाळताना आकसतो. क्लेने लाडावलेल्या बोटांना ते सोसत नाही. काकांचा गणपती सोंडेकडून जरासा इंजिनासारखा झाला. त्यांची नोकरी सगळी जंक्शनवर गेली, चालायचंच.

परतताना दिवस मावळायच्या आत निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्या बैठका चारला संपतात त्या याच कारणाने.

२१ सप्टेंबर, रविवार. भाद्रपदी पोळा

घरोघरी बैलांची गडबड, म्हणून मोजकेच जमलो. गटातल्या शाळेच्या बाईंनी इनामगावच्या उत्खननातल्या एका चित्राची झेरॉक्स आणली होती.

इनामगाव आपल्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे खोदलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. शंभराहून जास्त घरांचे अवशेष निघाले. त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची लांबट डबी, तिच्यासोबत मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल. एका मूर्तीला डोकंच नाही. तिच्या अंगाला छिद्र, बैलाच्या पाठीलाही छिद्र. काडी घातली की देवी बैलावर बसते.

सगळ्यात आधी काकांनी विचारलं, "भाजलेली का कच्ची?" कच्ची. वस्तीत भांडी भाजणारे लोक होते, जोर्वे धाटणीची लाल भांडी काळ्या नक्षीसकट तिथे भरपूर सापडली आहेत. म्हणजे भाजता येत असूनही मूर्ती भाजली नाही. अभ्यासकांचं म्हणणं, ती तेवढ्यापुरत्या विधीसाठी केली असावी. मला तर गणपतीच्या शाडूचीच आठवण झाली.

चित्र बघून आम्ही तसाच बैल क्लेचा करून पाहिला. कारागिराचं कौतुक काडीत आहे. आम्हीही जड डोकी, हात, शेपट्या जोडताना आत टूथपिक नाहीतर तार घालतो, नाहीतर भाजताना सांधा मऊ पडून मान कलते. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीच्या काठी कुणाला तरी तेच सुचलं होतं. फरक एवढाच की त्यांची काडी काढता येई; देवीला उतरवता येई.

१२ ऑक्टोबर, रविवार. शिरूर

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे. पोरांना शाडूचे नकोत, पुढच्या वर्षीही उरतील असे हवेत. इथे क्लेचा उपयोग मला पटतो. मावळे करताना कॉलेजच्या पोरीने पागोट्यांसाठी रंगछटा लावून दाखवली, स्किनर ब्लेंड. दोन रंगांचे त्रिकोण आडवेतिडवे जोडायचे, घडी घालायची, लाटायचं, पुन्हा त्याच दिशेला घडी. वीस-पंचवीस घड्यांनी लालातून केशरी असा सरकत जाणारा पट्टा तयार. ज्युडिथ स्किनर नावाच्या बाईने ही रीत सगळ्यांना सांगून टाकली, स्वतःच्या कपाटात ठेवली नाही.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण आज एक कुरबूर झाली. दौंडच्या ताई सध्या छोटं गुऱ्हाळ करत आहेत: चुलवण, काहील, साच्यातली ढेप, बाजूला चिपाडाचा ढीग. त्या भागात राहू-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं पुष्कळ, आणि त्यांनी पाहून पाहून रंग इतका हुबेहूब आणला आहे की नातवाने ढेप चाटली. मुलीने प्रमाण विचारलं. ताई म्हणाल्या, "अंदाजाने घेते." सगळ्यांना कळलं की अंदाज नाही. त्या ऑर्डरी घेतात, लग्नाच्या रुखवतासाठी गुऱ्हाळं करून देतात, त्यातून त्यांचे चार पैसे सुटतात. त्यांची बाजू खोटी नाही. पण त्याच दिवशी काकांनी त्यांचा ओव्हन तपासून दिला, पोरीने त्यांना रंगछटा शिकवली, मी चिपाडासाठी मळलेल्या उरल्यासुरल्या रंगांचा गोळा दिला. घ्यायचं सगळं आणि द्यायचा अंदाज, हे मला बोचलं. बोलले नाही. सणाच्या तोंडावर कोण बोलणार.

९ नोव्हेंबर, रविवार. दौंड

ताईंच्या घरी. त्यांनी पिठलं-भाकरी केली होती, नंतर गुळाच्या पोळ्या, संक्रांत लांब असूनही. त्यावरून मला शंका आलीच.

जेवणानंतर त्यांनी गुऱ्हाळाची नवी काहील काढली आणि गप्प झाल्या. आतला रस फसला होता. वर बुडबुडे, आणि तपकिरी ढगाळ डाग. काकांनी बघितलं, पोरीने बघितलं. पोरगी म्हणाली, "ताई, हे पारदर्शक क्लेचं आहे ना? जाड थर एकदम भाजला की आत हवा अडकते." मग तिने पातळ पातळ थर लाटून एकावर एक दाबायला सांगितले, वर अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू, आणि ओव्हनमधून काढताक्षणी बर्फाच्या पाण्यात. ताईंनी तसं एक नमुन्याचं चकतं केलं. वर दिवा धरला तर आत उजेड शिरला. काका म्हणाले, दौंडच्या गुऱ्हाळात हल्ली मिळतो त्याच्यापेक्षा हा गूळ स्वच्छ आहे.

ताईंनी मग वही मागितली. माझीच वही होती, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. खाली उतरवते:

पारदर्शक आठ भाग, पिवळा एक भाग, तपकिरी अर्धा. लाल टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच. काळा अजिबात नाही. रसायन टाकून पिवळा केलेला गूळ हवा असेल तर तपकिरी निम्मा करा, पण मी तसला करत नाही.

मुलीने फोटो काढून घेतला. पुढची बैठक शिरूरला, डाळिंबाचे दाणे करायचे आहेत. पारदर्शक वड्या संपल्या, चार मागवायच्या.